कोठीघरातले पाणी

होळीच्या आगेमागे नवा गहू बाजारात येतो आणि पाठोपाठ घराघरांत उन्हाची कामे सुरू होतात; निदान परवापरवापर्यंत होत असत. गच्चीवर जुनी लुगडी पसरायची, त्यांवर गहू, तांदूळ, डाळी वाळत घालायच्या, चिमण्या हाकायला मुलांना बसवायचे आणि मृगाचा पाऊस यायच्या आत सगळे डब्यांत आणि कोठ्यांत बंद करायचे. आता शहरांत महिन्याचे, किंबहुना आठवड्याचे वाणसामान भरणारी घरेच जास्त. तरी रव्याचा डबा उघडल्यावर जाळी दिसणे, मुगाला भोके पडणे, बाजरीची भाकरी कडू लागणे, डाळ तासभर शिजवूनही न गळणे या तक्रारी काही कमी झालेल्या नाहीत. शिवाय त्यांवर घरोघर जे उपाय होतात, त्यांतले काही मूळ दुखण्यापेक्षा जिवावर बेतणारे असतात. म्हणून कोठीघरात नक्की काय घडते ते या वेळी जरा नीट पाहू या.

वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच का करायची? धान्य तेव्हा स्वस्त असते हे एक कारण झाले. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत देशावरची हवा इतकी कोरडी असते, की धान्यातले पाणी ती फुकट काढून नेते.

धान्यात पाणी कुठून आले, असे विद्यार्थी विचारतील. हाताला खडखडीत कोरडा लागणारा गहूसुद्धा कोरडा नसतो. शंभर किलो गव्हात बारा-चौदा किलो पाणी असते. हे पाणी गव्हातल्या पिष्टमय पदार्थांना आणि प्रथिनांना धरून असते. भोवतालची हवा दमट असेल तर धान्य हवेतून पाणी ओढते, कोरडी असेल तर सोडते. या देवघेवीचा हिशेब वर्गात मांडण्यासारखा आहे. समजा, १०० किलो गव्हात १४ टक्के पाणी आहे. म्हणजे निव्वळ कोरडा ऐवज ८६ किलो. ऊन देऊन पाणी ११ टक्क्यांवर आणले, तर ८६ किलो हा आता ८९ टक्के भाग झाला. ८६ भागिले ०.८९, म्हणजे गव्हाचे वजन उरले सुमारे ९६.६ किलो. जवळजवळ ३.४ लिटर पाणी उडून गेले. (ओलसर गहू विकणारा दुकानदार हे पाणी गव्हाच्या भावाने विकत असतो, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल.)

मोकळे पाणी आणि बांधलेले पाणी

आता एक कोडे. मधात १७-१८ टक्के पाणी असते आणि मध वर्षानुवर्षे टिकतो. गव्हात तेवढेच पाणी राहिले, तर काही दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. पाण्याचे प्रमाण सारखे, मग असे का?

बुरशीला किंवा जिवाणूंना पाणी नुसते असून भागत नाही, ते त्यांना घेता आले पाहिजे. मधातली साखर पाण्याला इतकी घट्ट धरून ठेवते, की सूक्ष्मजीवांच्या वाट्याला काही येत नाही. उलट तेच त्यांच्या पेशींतले पाणी ओढून घेते. लोणच्यात हे काम मीठ करते, मुरांब्यात साखर. तेव्हा पदार्थात पाणी किती आहे, यापेक्षा मोकळे पाणी किती आहे, हे पाहायला हवे. ते मोजण्याची युक्ती सोपी आहे. पदार्थ घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचा आणि काही वेळाने आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता मोजायची. शुद्ध पाण्यावर ती १०० टक्के होईल. बहुतेक जिवाणूंना वाढायला ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, बहुतेक बुरश्यांना ७० च्या वर, आणि ६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही.

गव्हाचे आणि तांदळाचे बोलायचे, तर ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत त्यांच्यात साडेतेरा ते चौदा टक्के पाणी मुरते. म्हणून साठवणीचे धान्य १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावे असे सांगतात. थोडी सोय हाताशी ठेवलेली बरी. शेंगदाण्याला मात्र हा आकडा चालत नाही. शेंगदाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तेल असते आणि तेल पाणी धरत नाही. १०० ग्रॅम दाण्यांत ४८ ग्रॅम तेल आणि ८ ग्रॅम पाणी असेल, तर ते आठ ग्रॅम पाणी उरलेल्या ५२ ग्रॅमच्या वाट्याला येते, म्हणजे तिथे पंधरा टक्क्यांहून जास्त झाले! म्हणून शेंगदाणे ७ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागतात.

आणि इथे चूक होऊन चालत नाही. ओलसर शेंगदाण्यावर, मक्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर आघात करते आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाला कारण होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत या विषाचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत अवेळी पावसात भिजलेला आणि तसाच साठवलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने हे विष पुरते नाहीसे होत नाही. कूट करताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून टाकायची आपल्या घरातली जुनी सवय म्हणून सोडू नये. खवट दाणा तोंडात आला तर थुंकून टाकावा. ‘अन्न टाकू नये’ हा नियम इथे लागू नाही.

पाणी किती आहे हे घरी कसे कळणार? दाणा दाताखाली धरून पाहतात. कट्ट आवाज होऊन तुटला तर वाळला. वर्गात करायची चाचणी याहून नेमकी आहे. काचेची कोरडी बरणी घ्या. तिचा एक तृतीयांश भाग धान्याने भरा. तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ दोन-तीन चमचे घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे तशीच ठेवा. काचेला मिठाचे कण चिकटले तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे. काच स्वच्छ राहिली तर त्याहून कमी. असे का होते? मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून ओले होते. स्वयंपाकघरातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, तेही याच कारणाने. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते, त्यामुळे ते आणखी लवकर पाझरते. मिठाला पाणी सुटले, की त्या दिवशी धान्याचे मोठे डबे उघडू नयेत, एवढे ओळखावे.

ऊन दिलेले धान्य गरम असताना डब्यात भरू नये, असे आपली आजी सांगत असे. तिचे बरोबर होते. गरम दाणे आतल्या हवेत वाफ सोडतात, ती रात्री थंड पत्र्यावर आणि झाकणाखाली जमते आणि वरचा थर ओला होतो. सगळे धान्य कोरडे असूनही वरून बुरशी येते ती अशी.

डब्यात कोण राहते?

बुरशीला ७० टक्के आर्द्रता लागते, किड्यांना तेवढीही लागत नाही. सरसकट सगळ्यांना आपण ‘किडे’ किंवा ‘पोरकिडे’ म्हणतो, पण त्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि उपायही.

गव्हा-तांदळात तोंडाला सोंड असलेला बारीक तपकिरी किडा असतो, तो सोंड्या किंवा टोका. मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी, कोष, सगळे आयुष्य दाण्याच्या आत जाते. उबेच्या दिवसांत महिन्याभराने किडा दाणा पोखरून बाहेर येतो. म्हणजे आपल्याला दिसायच्या आधी महिनाभर तो घरात असतो. एक मादी दोनशे-तीनशे अंडी घालते. त्यांतली शंभरच जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या असे धरले, तरी एकीच्या पन्नास, पन्नासांच्या अडीच हजार आणि तिसऱ्या महिन्यात सव्वा लाख! प्रत्यक्षात अन्न आणि जागा आधीच संपते, पण वैशाखात दोन किडे दिसलेले तांदूळ श्रावणात का चालू लागतात, ते यावरून कळावे.

पिठात आणि रव्यात जो लाल भुंगेरा दिसतो, त्याला अख्खा दाणा फोडता येत नाही. त्याला चुरा लागतो. म्हणून धान्य भरण्याआधी चाळून, पाखडून कणी काढून टाकली तर त्याची निम्मी सोय संपते. रव्याच्या गुठळ्या करणारी, जाळी विणणारी अळी ही एका करड्या पतंगाची. आणि मूग, मटकी, चवळी यांवर पांढरे ठिपके दिसतात, ती कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी. हा किडा शेतातल्या शेंगेवरच अंडी घालून आपल्या घरी येतो; त्यामुळे डबा कितीही घट्ट असला तरी तो आतच असतो. तो अख्ख्या कडधान्यावर वाढतो, डाळीवर फार कमी. कडधान्ये लगेच भरडून डाळ करून ठेवायची पद्धत पडली, तिला हाही आधार आहे.

घरगुती उपाय कितपत खरे? आम्हाला वाटते, त्यांना सरसकट डोक्यावर घेऊ नये आणि सरसकट हसूही नये. एरंडेलाचा उपाय पक्का आहे. किलोला एक चहाचा चमचा एरंडेल दोन्ही हातांनी चोळून लावले, की दाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा बसतो. अंड्याला दाण्यावर नीट चिकटता येत नाही आणि चिकटलेच तर त्याच्या कवचातून हवा आत जाणे थांबते. राख किंवा बारीक माती लावून ठेवलेले वाल, कुळीथ टिकतात. राखेच्या कणांनी किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो, अंगातले पाणी उडते आणि किडा वाळून मरतो. डब्यात कडधान्यावर चार बोटे कोरडी बारीक वाळू पसरली, तर आतून निघालेल्या किड्याला वर येऊन जोडीदार शोधता येत नाही आणि बाहेरच्याला आत शिरता येत नाही. कडुलिंबाच्या पाल्याबद्दल मात्र हात राखून बोलावे लागेल. कडुलिंबातला कीडरोधक घटक मुख्यतः निंबोळीच्या बीत असतो, पानात कमी. त्यातून पाला अर्धा ओला असेल, तर आपणच डब्यात पाणी घातल्यासारखे होते.

उन्हाचे काम दुहेरी आहे. ते पाणी काढते आणि किडेही मारते. पण साध्या उन्हात किडे नुसते पळतात, दाण्यातल्या अळ्या मरत नाहीत. काळ्या कापडावर धान्याचा पातळ थर देऊन वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा दाबल्या, तर भर उन्हात आतले तापमान ५५-६० अंशांवर जाते आणि तासाभरात आतली अंडी-अळ्याही संपतात. फ्लॅटमध्ये ऊन नाही, तिथे फ्रीझर आहे. रवा किंवा पुडीतले कडधान्य चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवले तर तेच काम होते. फक्त बाहेर काढल्यावर पुडी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार रव्यावर हवेतली वाफ जमते.

जुन्या काळी जमिनीत खोल खड्डा करून, त्याला भुसा-पाचटाचे अस्तर लावून धान्य पुरून ठेवत, ते पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. पेवाचे रहस्य बंद हवेत आहे. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. किडे आणि बुरशीही घेतात. बंद जागेतला प्राणवायू सरत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे आपोआप गुदमरतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, ही रीत त्यामुळेच. घाई करून उतरलेली माणसेही गुदमरली आहेत. घरातला काठोकाठ भरलेला, घट्ट झाकणाचा डबा म्हणजे छोटे पेवच. अर्धा रिकामा आणि रोज उघडला जाणारा डबा मात्र तसा राहत नाही. तेव्हा वर्षाचे धान्य एका मोठ्या कोठीऐवजी चार डब्यांत भरावे आणि एकेक संपवावा.

विषाच्या गोळ्या

हा भाग कंटाळा न करता वाचावा, अशी आमची विनंती आहे. १९६० च्या दशकात धान्य बचाव मोहीम सुरू झाली, तेव्हा घरच्या कोठीसाठी ईडीबी, म्हणजे एथिलीन डायब्रोमाइडच्या काचेच्या कुप्या सुचवल्या जात. कुपी फोडून धान्यात ठेवायची आणि कोठी बंद करायची. पुढे हे रसायन कर्करोगकारक असल्याचे पुरावे मिळाले. अमेरिकेने १९८४ मध्ये धान्यासाठी त्याचा वापर थांबवला, भारतात २००१ मध्ये त्यावर बंदी आली. जुन्या पुस्तकांत, पत्रकांत हा सल्ला अजून छापलेला सापडतो. तो खोडून टाकावा.

आज घरांत जास्त भीती आहे ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची. हवेतल्या ओलाव्याने या गोळीतून फॉस्फिन वायू निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरायचे हे औषध आहे, आणि कायद्यानेही ते फक्त सरकारी संस्था व परवानाधारक कीडनियंत्रकांसाठीच आहे. तरी सुटी गोळी मिळते आणि ‘गव्हात टाका, काही होत नाही’ म्हणून दिली जाते. घरातल्या कोठीतून वायू झिरपतो, दारे-खिडक्या बंद करून माणसे त्याच खोलीत झोपतात आणि सकाळी घरातली लहान मुले आधी दगावलेली असतात. अशा बातम्या अधूनमधून आपण वाचतोच. फॉस्फिनवर उतारा नाही. लसणासारखा किंवा कुजलेल्या माशासारखा वास आला तर मुलांना घेऊन तत्काळ मोकळ्यावर जावे. वास आला नाही, म्हणून वायू नाही, असे मात्र समजू नये.

पाऱ्याच्या गोळ्याही गावोगाव विकतात. पारा साध्या तापमानालाच थोडा थोडा वाफ होत असतो. जी वाफ अंड्यांना मारते तीच आपण श्वासात घेतो, आणि गोळी फुटली तर पारा धान्यात. तांदळाला बोरिक पावडर लावणे त्यामानाने सौम्य वाटते. पण खाद्यपदार्थात बोरिक अ‍ॅसिड वापरायला आपल्याकडे परवानगी नाही आणि लहान मुलांना ते बाधते. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन ते बरेचसे जाते, पण धुणारा हात घाईत असतो, हेही खरे.

सोयीचा जिना

आता काय साठवावे? कोठीघर एखाद्या जिन्यासारखे आहे. सगळ्यात वर अख्खे धान्य: टरफल शाबूत, तेल अंकुरात बंद, वर्षभर निश्चिंत. खाली डाळ आणि सडलेले तांदूळ. त्याखाली रवा, मग पीठ, आणि तळाला भिजवलेली कणीक. एकेक पायरी उतरावी तसे ताट जवळ येते आणि टिकण्याची मुदत घटते. दळल्यावर अंकुरातले तेल आणि ते फोडणारे विकर एकत्र येतात, हवा लागते, मेदाम्ले सुटतात. गव्हात तेल दोन टक्क्यांच्या आत असते, बाजरीत पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांतच कडू होते. बाजरी लागेल तशी दळावी, यात आळस चालत नाही. हातसडीचे तांदूळ पॉलिशच्या तांदळापेक्षा लवकर खवट होतात, तेही कोंड्यातल्या तेलामुळे.

पण या जिन्याला एक चोरवाट आहे. आधी शिजवायचे आणि मग पाणी काढून टाकायचे. पोह्यांसाठी भात गरम पाण्यात भिजवून, तापल्या वाळूत भाजून चेपलेला असतो. शिजण्याचे काम गिरणीतच झालेले असते. म्हणून ते नुसते भिजवून चालतात. कुरडयांत गव्हाचा चीक शिजवून वाळवलेला असतो. चुरमुरे, डाळे, मेतकूट, भाजणी, सातूचे पीठ, भाजून ठेवलेला रवा हे सगळे याच जातीचे. भाजल्याने पाणी जाते, अंडी मरतात आणि विकर निकामी होतात, म्हणून कच्च्या पिठापेक्षा भाजणी जास्त टिकते. ज्यांना संध्याकाळी शाळेतून घरी येऊन अर्ध्या तासात चार माणसांना जेवायला घालायचे आहे, त्यांनी अख्खे धान्य कमी ठेवून हा खण भरलेला ठेवावा, असे आम्ही सुचवू. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, भाजलेला रवा, भाजणी, दाणे, गूळ, चिंच किंवा आमसूल आणि मसाल्याचा डबा इतके असले, की भाजी नसतानाही आठवडा निघतो.

किती भरावे, याचा हिशेब खर्चावरून करावा. रोज पाव किलो तांदूळ लागत असेल तर वर्षाला ९१ किलो. तांदूळ जुना झाला की उलट मोकळा शिजतो, पाणी जास्त पितो. डाळी-कडधान्यांचे तसे नाही. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने राहिलेले कडधान्य शिजेनासे होते. दाण्यातल्या फायटेट या घटकाचे विघटन होते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होऊन पेशींमधल्या पेक्टिनला पक्के बांधतात, आणि मग कितीही शिट्ट्या द्या. चिमूटभर सोड्याने दाणा मऊ पडतो, पण ब-१ जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. त्यापेक्षा डाळी सहा महिन्यांच्याच भराव्यात.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एकाच पोत्यातली चवळी चार बरण्यांत मोजून दोनशे दोनशे दाणे घाला. पहिलीत नुसती, दुसरीत एरंडेल लावलेली, तिसरीत राख लावलेली, चौथीत वर वाळूचा थर. प्रत्येक बरणीत भुंगेऱ्यांच्या साधारण सारख्या जोड्या सोडा. आठ दिवसांनी भिंगातून दाण्यांवरची अंडी मोजा आणि महिन्याने भोके पडलेले दाणे. पहिल्या बरणीचे आकडे बाकीच्यांशेजारी फळ्यावर लिहा. बरण्यांची तोंडे मलमलीने घट्ट बांधायला विसरू नका. हे भुंगेरे उडतात, आणि शाळेच्या पोषण आहाराची कोठी बहुधा शेजारच्याच खोलीत असते.